सही वाचता येते

आकुर्डी,
९ जून २०२५

मा. सचिव,
स्नेही माजी सैनिक संघ, मोशी

स. न. वि. वि.

तुमच्या कार्यालयाच्या दारावर पाटी आहे की व्हॉट्सॲपवर आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. म्हणून पत्र लिहीत आहे. बऱ्याच वर्षांनी लिहितेय, लांबले तर चालवून घ्या.

माझे नाव साक्षी ओव्हाळ. आकुर्डी स्टेशनच्या रस्त्यावर माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. हा अर्ज माझा धाकटा भाऊ धम्मरत्न याच्यासाठी आहे. तो अकरा वर्षे सैन्यात होता, लान्स नायक. मार्च २०१३ मध्ये त्याला काढून टाकले. संघाचा सभासद-फॉर्म भरून जोडला आहे. रकाना सात, ‘सेवामुक्तीचे कारण’, मी रिकामा ठेवला आहे, कारण तिथे दोनच इंच जागा आहे.

कारण असे. त्याच्याविषयीच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘सदर जवानाने बरोबरच्या जवानावर जबरदस्ती केली.’ माझ्या भावाला पुरुष आवडतात. हे खरे आहे आणि तो ते नाकारत नाही. जबरदस्ती खोटी आहे. ॲड. विजयश्री म्हणून एक वकीलबाई अशा सैनिकांची प्रकरणे बघतात. त्या म्हणतात, ते वाक्य कागदावर असेपर्यंत न्यायाधिकरणासमोर उभेही राहता येणार नाही. ते निघाले तर निदान भांडता येईल. आणि ते काढायचे तर ज्याने लिहिले त्यानेच लेखी द्यायला हवे की ते खरे नव्हते.

अहवालाखालची सही वाचता येत नाही. आपण त्या वेळी त्याच कंपनीत होतात असे धम्मरत्नच्या बोलण्यातून कळले. सही कोणाची हे सांगू शकलात तर उपकार होतील. झेरॉक्स सोबत आहे. चांगल्या प्रतीची काढली आहे.

मी हे पत्र लिहिल्याचे त्याला माहीत नाही.

आपली,
साक्षी ओव्हाळ

—

जा. क्र. स्ने.मा.सै.सं./११८/२०२५
मोशी, २१ जून २०२५

श्रीमती साक्षी ओव्हाळ यांस,

१. आपले ९ जूनचे पत्र मिळाले.

२. संघाच्या नियम ४ (ब) नुसार ज्यांची सेवामुक्ती सन्मानपूर्वक झाली त्यांनाच सभासद होता येते. सबब अर्ज परत पाठवत आहे. फोटो दोन जोडले होते, एकच लागतो. दोन्ही परत.

३. झेरॉक्स पाहिली. सही वाचता येत नसल्यास संघ मदत करू शकत नाही.

४. बारा वर्षांपूर्वीचे विषय उकरून कोणाचे भले झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

५. लान्स नायक ओव्हाळ यांचे अक्षर चांगले होते. आता कसे आहे ते कळवण्याची आवश्यकता नाही.

सुभेदार नानासाहेब गव्हाणे (निवृत्त)
सचिव

ता. क. मे महिन्यातल्या स्नेहभोजनानंतर एक मोठा स्टीलचा कडीचा डबा गहाळ झाला आहे. ज्याच्याकडे गेला असेल त्याने परत करावा. (ही सूचना सध्या प्रत्येक पत्राखाली टाकण्यात येत आहे.)

—

आकुर्डी,
१ जुलै २०२५

सुभेदारसाहेब, नमस्कार.

कळवण्याची आवश्यकता नाही असे लिहिलेत, म्हणून कळवते. धम्मरत्नचे अक्षर तसेच आहे. तो चाकणच्या बाजारात वजनकाट्यावर पावत्या लिहितो. गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन. शेतकरी त्या पावत्या फेकत नाहीत, खिशात जपून ठेवतात. एकाने तर विचारले होते की मुलीच्या लग्नपत्रिकेवर नावे लिहून देशील का. त्याने दोनशे पत्रिकांवर लिहून दिली.

आधी तो कंपन्यांमध्ये सिक्युरिटीत जायला बघत होता. चाकणला माजी सैनिक म्हटले की गेटवर उभे राहायला लगेच घेतात. पण डिस्चार्ज बुक मागतात आणि त्यात चारित्र्याचा रकाना असतो. सहा कंपन्यांत तो रकाना वाचला गेला. सातवीत त्याने बुक दाखवलेच नाही आणि परत आला.

२०१३ मध्ये तो नाव रंगवलेली पेटी घेऊन घरी आला तेव्हा आमचे वडील होते. पिंपरीत एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षे काढली. धम्मरत्न म्हणाला, “काढलं मला.” वडिलांना कामगार कपात माहीत होती. त्यांनी विचारले, “किती जणांना काढलं?” तो म्हणाला, “एकालाच.” वडील म्हणाले, “मग केस मजबूत आहे. युनियनला भेट.” ते तीन वर्षांनी गेले, तोवर अधूनमधून विचारायचे की युनियन काय म्हणते. तो म्हणायचा, “बोलणी चालू आहेत, दादा.”

आता युनियन म्हणावी असे काहीतरी आहे. रविवारी माझे दुकान गिऱ्हाइकांना बंद असते. दहा वाजता काही लोक येतात. सगळे सैन्यात होते आणि सगळे माझ्या भावासारखे किंवा त्याच्या जवळपासचे. एक बाई आहेत, त्या लष्करी दवाखान्यात नर्स होत्या. हजेरीपटावर नऊ नावे आहेत. आणखी दोघे अजून नोकरीत आहेत, सुट्टीवर आले की येतात. त्यांची नावे पटावर नाहीत. आल्या आल्या ते खुर्च्या सरळ रेषेत लावतात. मग हजेरी होते. मग एकमेकांचे फॉर्म भरणे, वकीलबाईंना काय विचारायचे ते ठरवणे, कोणाला झोप येत नसेल तर त्याच्याशी बोलत बसणे. गेल्या महिन्यात एकाच्या आईचे ऑपरेशन होते. सगळे रक्त द्यायला गेले आणि रांगेत उंचीप्रमाणे उभे राहिले. तिथला माणूस म्हणाला, असे काही लागत नाही.

आणि एक. सही वाचता येत नाही असे मी लिहिले होते. येते. ना. रा. गव्हाणे. सह्या वाचणे हा माझा धंदाच आहे. तुम्ही आपणहून सांगता का ते बघायचे होते. तसे बघायला नको होते, असे आता वाटते.

ते एक वाक्य तुमचे आहे, साहेब. ते परत घ्या, एवढेच मागते.

साक्षी ओव्हाळ

—

जा. क्र. स्ने.मा.सै.सं./१३१/२०२५
मोशी, १२ जुलै २०२५

श्रीमती ओव्हाळ यांस,

१. आपले १ जुलैचे पत्र मिळाले. होय, सही माझी आहे.

२. आपण विचारले नाही तरी सांगतो. ती पोस्ट उंचावर होती. आम्ही एकवीस जण. रस्ता डिसेंबरात बंद झाला तो एप्रिलला उघडणार होता. त्या थंडीत माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली, म्हणजे आहेत, पण पेन धरत नाहीत. अक्षर माझे आधीपासूनच वाईट, त्यामुळे सगळी लिखापढी ओव्हाळ करत. रिपोर्ट, रेशनच्या मागण्या, माझी घरची पत्रे. आता हे काम मोबाइल करतो. मी बोलतो, तो टाइप करतो. स्वल्पविराम मला नंतर घालावे लागतात. ओव्हाळांना सांगावे लागत नव्हते.

३. फेब्रुवारीत एका जवानाने येऊन तक्रार केली. मी पाहिले. तक्रार खरी होती. दोघे होते आणि दोघेही राजीखुशीने होते. हे मी आपल्याला सांगतो आहे. इतरत्र सांगणार नाही.

४. वर कळले असते तर दोघेही गेले असते. दोघांपैकी एकाला वाचवायचे तर एक वाक्य पुरेसे होते. दुसरा जवान माझ्या पत्नीच्या भावाचा मुलगा. वय तेव्हा चोवीस. त्याच्या वडिलांना मी शब्द दिला होता. त्याच्याकडून मी कागदावर सही करून घेतली.

५. तो अहवाल ओव्हाळांकडून लिहून घेता येण्यासारखा नव्हता. तो मी स्वतः लिहिला. पाऊण पानाला पूर्ण दिवस लागला.

६. सदर जवान गेल्या वर्षी सन्मानाने निवृत्त झाला. चाकणला एका कंपनीत सुरक्षा सुपरवायझर आहे. आता मी लेखी दिले तर त्याचे नाव वर येईल, पेन्शनचा प्रश्न उभा राहील. त्याच्यासाठी आळंदीचे एक स्थळही बघितले आहे. मुलगी शिक्षिका आहे. तो आमच्याकडे फारसा येत नाही, परंतु पत्नीकडून कळते की दर रविवारी सकाळी आकुर्डीला पोलीस भरतीच्या मुलांना फुकट शिकवायला जातो. सुट्टीची झोप मोडून. अशा माणसाचे आयुष्य मी उद्ध्वस्त करणार नाही.

७. आपल्या भावाचे वाईट झाले हे मला माहीत आहे. एकाचे तरी चांगले झाले. ते राहू द्या.

सुभेदार नानासाहेब गव्हाणे (निवृत्त)

ता. क. मोठा स्टीलचा कडीचा डबा अद्याप मिळालेला नाही.

—

आकुर्डी,
२० जुलै २०२५

सुभेदारसाहेब,

आकुर्डीत रविवारी सकाळी पोलीस भरतीचा कुठलाही क्लास नाही. जो आहे तो मंगळवार-शुक्रवार असतो, त्याची पत्रके मीच छापते.

हे पत्र मी गणराज वाळुंज याला वाचून दाखवून, त्याच्या परवानगीने पोस्टात टाकते आहे. तुम्ही त्याचे नाव लिहिले नव्हते. तो म्हणाला, “लिहा ताई. माझंच आहे.”

रविवारी तो माझ्या दुकानात असतो. हजेरी तोच घेतो, आवाज खणखणीत आहे म्हणून. मार्चमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा तासभर बाहेर लॅमिनेशनचे दर वाचत उभा होता. मग आत आला आणि धम्मरत्नसमोर सावधान उभा राहिला. धम्मरत्न म्हणाला, “बस. खुर्ची ओढून घे.” त्याहून जास्त बोलणे माझ्यासमोर झाले नाही.

दोन मेला त्याने प्रतिज्ञापत्र केले, मी टाइप केले. जबरदस्ती झाली नव्हती, वरिष्ठांनी सांगितले म्हणून सही केली, असे त्यात आहे. टाइप करताना माझ्या तीन चुका झाल्या. एरवी होत नाहीत. पेन्शनवर गदा येऊ शकते हे विजयश्रीबाईंनी त्याला दोनदा सांगितले. तो म्हणाला, तिसऱ्यांदा सांगू नका. पण त्याचा एकट्याचा कागद पुरत नाही. फितवला म्हणतील. ज्याने अहवाल लिहिला त्याचा कागद लागतो.

म्हणजे माझे पहिले पत्र तुम्हाला आले त्याच्या महिनाभर आधीच तो बोलून मोकळा झाला होता. तुम्ही ज्याला झाकायला गप्प आहात तो उघड्यावर येऊन बसला आहे. आता तुम्ही कोणाला वाचवताय ते मला खरेच समजत नाही.

आळंदीच्या मुलीला हे कळायला हवे, असेही तो म्हणाला. शिक्षिका आहे, तिला दुसरे चांगले स्थळ मिळेल.

सगळे आटोपले की तो धम्मरत्नला गाडीवर चाकणला सोडतो. ट्रॅफिक लागले तर दीड तास जातो. दोघांपैकी कोणीही त्या ट्रॅफिकबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही.

तुमचा डबा माझ्याकडे आहे. झाकणावर कोरले आहे : ‘सौ. यशोदाबाई नानासाहेब गव्हाणे, मोशी, गृहप्रवेश २०१५’. दर शनिवारी तो गणराजकडे भरून येतो आणि रविवारी आम्ही दहा-अकरा जण खातो. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी. मे महिन्यात छोटा डबा पुरेनासा झाला तेव्हा मोठा आला. तो गहाळ झालेला नाही.

साक्षी ओव्हाळ

—

मोशी,
६ ऑगस्ट

साक्षीबाईस यशोदाबाईचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली हाय, चुका झाल्या तर वाचून घे. ह्यांच्या मोबाइलला सांगून लिवत न्हाई, त्यो ह्यांचा हाय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, आन तिसऱ्यांदा वाचलं. मला म्हनले, डबा कुठं हाय. मी म्हनलं, वाचलंय न्हवं, तिथंच हाय. म्हनले, तुला ठाव व्हतं. म्हनलं, व्हय. कवापासनं? म्हनलं, गणा आठ वर्साचा व्हता तवापासनं थोडं, आन तुमी पेन्शनीत आल्यापासनं समदं.

म्हनले, मग बोलली का न्हाईस. म्हनलं, तुमी इचारलं न्हाई. मी आपनहून सांगितलं असतं तर लेखी अर्ज मागितला असता.

दोन दिस संघात गेले न्हाईत. तिसऱ्या दिशी जेवताना म्हनले, मी पोराला वाचवलं. मी म्हनलं, काय वाचवलं? बारा वर्सं त्यो माझ्या घरात ताटावर बसला न्हाई. दिवाळीला येतो, उंबऱ्याभायरनं पाया पडतो, ड्युटी हाय म्हनतो आन जातो. माझ्या भावाचं पोर. त्याला तुमच्यापाई माझ्या हातचं डब्यातनं खावं लागतं.

तुझ्या भावाला मी कधी बघितलं न्हाई, पर त्याचं अक्षर वळखते. तिकडनं पत्रं यायची ती त्याच्या हातची. सांगायचे हे, लिवायचा त्यो. शेवटाला एक ओळ असायची, ‘गुडघ्याला तेल लावत जा.’ ती ह्यांची न्हवं. ह्यांला असलं सुचत न्हाई. ती त्या पोरानं आपल्या मनानं घातलेली. मी त्या ओळीसाठी पत्र फोडायची. आता सांगते, हसू नगस.

ह्यांच्या सोताच्या हातचं पत्र मला अजून आलेलं न्हाई. लगनाला छत्तीस वर्सं झाली. आधी अक्षर वाईट म्हनून, मग बोटं गेली म्हनून. मी कधी मनाला लावून घेतलं न्हाई. आन आता हे सांगतात, त्यो अहवाल सोताच्या हातानं लिवला, दिसभर बसून. म्हंजी हात चालत व्हता.

एवढंच म्हनले मी ह्यांला. त्या दिवसापासनं गच्चीवर बसतात.

डबा ठिव तुझ्याकडं. सणाला धाड.

यशोदाबाई

—

मोशी,
१४ ऑगस्ट २०२५

साक्षीताई,

उद्या संघात झेंडावंदन आहे, त्याच्या आत हे लिहावे असे वाटले. जावक क्रमांक टाकलेला नाही. हे पत्र संघाचे नाही.

मी लेखी द्यायला तयार आहे. गणराज परवा आला होता. मी बोलावले नव्हते. त्याने पायताण काढले आणि आत येऊन बसला. मी त्याला म्हणालो, तुझ्यासाठीच केलं. तो म्हणाला, “हो, आणि माझ्याकडूनच करून घेतलंत.” नंतर पंधरा मिनिटे आम्ही टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम पाहिला. गेला तेव्हा दारातून वळून म्हणाला, “रविवारी दहाला असतो आम्ही.”

आळंदीला नकार कळवला आहे. कारण विचारले. मुलाला पसंत नाही असे सांगितले.

नियम ४ (ब) बदलावा असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. मंजूर होईल असे वाटत नाही. माझे एक मत नक्की आहे.

एक विनंती आहे. माझा हात आता त्या वेळेपेक्षाही वाईट आहे. मी सांगतो, धम्मरत्नने लिहून घ्यावे, मी सही करीन. आमची पद्धत तीच होती. त्याचे अक्षर न्यायाधिकरणात वाचायलाही सोपे जाईल. त्याला माझ्यासमोर बसवत नसेल तर फोनवरून सांगेन. त्याला विचारून कळवावे.

नानासाहेब गव्हाणे

—

चाकण,
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय साहेब, जय हिंद.

१. तुमचे ताईला आलेले पत्र तिने मला दाखवले. त्याच्या आधीचीही दाखवली. ती पत्रे मला माहीत नव्हती. तिला बोललो आहे.

२. मी लिहून घेणार नाही.

३. मागचे तुम्ही स्वतः लिहिले होते. हेही स्वतः लिहा.

४. वेळ लागला तरी चालेल. रविवारी दुकान दहा ते एक उघडे असते. खिडकीजवळचे टेबल मोकळे ठेवतो. जाड पेन आणून ठेवले आहे. त्याला कापड गुंडाळले की बोटांतून सुटत नाही. तेव्हाही असे करता आले असते. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून लिहीत बसला होतात आणि मला जवळ येऊ दिले नाहीत, म्हणून सांगायचे राहिले.

५. काकूंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतात का, असे विचारले आहे म्हणून सांगावे.

धम्मरत्न ओव्हाळ

—

आकुर्डी,
१ सप्टेंबर २०२५

यशोदाकाकू, नमस्कार.

काल तुमच्याकडे गौरी यायच्या होत्या म्हणून तुम्हाला येता आले नाही. काय काय झाले ते लिहून कळव, असा निरोप गणराजने दिला. तर लिहिते.

त्याच्या आदल्या रविवारीही काका आले होते. ते तुम्हाला बोलले का, माहीत नाही. समोरच्या रिक्षा स्टँडपाशी दहा ते एक उभे होते. एका रिक्षावाल्याने तीनदा विचारले, “काका, कुठं जायचंय?” मी हाक मारायला निघाले तर धम्मरत्न म्हणाला, “राहू दे ताई. रेकी करतायत.”

काल पावणेदहालाच आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला मेडलची पट्टी. मी आत या म्हटले तर म्हणाले, दहा वाजू द्या. दहाला आत आले आणि खुर्च्यांच्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. गणराजने हजेरी घेतली. नऊ नावे झाल्यावर काका तसेच उभे. गणराज पट मिटत म्हणाला, “साहेब, तुम्ही पाहुणे आहात. बसा.” नर्सबाई हसल्या. मग बाकीचेही हसले, थोडे थोडे.

धम्मरत्नने त्यांना टेबल दाखवले, कागद दिला, कापड गुंडाळलेले पेन दिले. ते म्हणाले, “किती लिहू?” तो म्हणाला, “मागच्याइतकंच, साहेब. पाऊण पान.” आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून कोणाचा तरी पत्ताबदलाचा फॉर्म भरायला लागला.

सव्वादहाला सुरू केलेले एक वाजून दहा मिनिटांनी संपले. पेन चार वेळा खाली पडले. दर वेळी त्यांनी स्वतः उचलले. दुसऱ्या वेळी नर्सबाई उठल्या होत्या, धम्मरत्नने नुसते बघितले, त्या परत बसल्या. मधे चहा आला. काकांनी डाव्या हाताने घेतला, उजव्या हातातले पेन ठेवले नाही. अर्ध्यावर त्यांनी एकदा विचारले, “माझ्याबद्दल लिहू का, की नुसतं झालं ते?” धम्मरत्न मान वर न करता म्हणाला, “तुम्ही होतात ना तिथे? मग लिहा.”

त्यातले मधले मी इथे उतरवते. ‘जबरदस्ती झाली नव्हती. ते वाक्य माझे आहे आणि खोटे आहे. दोघांपैकी कोणाला ठेवायचे हे मी गुन्हा बघून ठरवले नाही, नाते बघून ठरवले. लान्स नायक ओव्हाळ यांना मी विचारले नाही. त्यांनीही मला कधी विचारले नाही.’ यानंतर तारीख आणि सही. सही वाचता येते.

विजयश्रीबाई म्हणाल्या, कागद चांगला आहे, पण आशा बेताची धरा, बारा वर्षांचा उशीर आहे, आणखी काही वर्षे लागतील, शिवाय आपण हरूही शकतो. सगळ्यांनी मान डोलावली. हरण्याची त्या खोलीतल्या कोणाला फारशी भीती राहिलेली नाही. माझ्या मनात मात्र वडील आले. युनियन काय म्हणते, ते आज सांगता आले असते.

निघताना काका दारात थांबले. गणराज आणि धम्मरत्न दोघांकडे बघून म्हणाले, “उद्या गौरीचं जेवण आहे. घरी या.” गणराज म्हणाला, येतो. धम्मरत्न म्हणाला, “उद्या बाजारात आवक जास्त आहे, साहेब. बघतो.” काका म्हणाले, “बरं,” आणि बस पकडायला गेले. हे दोघे नेहमीसारखे गाडीवरून चाकणला गेले. धम्मरत्नने नंतर फोनवर मला विचारले की तुमच्याकडे जेवण किती वाजता असते. मी म्हटले, मला काय माहीत. तुम्ही त्यालाच कळवा.

डबा गणराजबरोबर पाठवते आहे. सणाला धाड म्हणाला होतात. भरून आलेला डबा रिकामा परत करू नये, पण माझ्या दुकानात खाण्यासारखे काही नसते. मूळ कागद वकीलबाईंकडे गेला. त्याची झेरॉक्स डब्यात ठेवली आहे, जाड कागदावर काढली आहे. तुम्हाला त्यांच्या हातचे पत्र अजून आले नाही, असे तुम्ही लिहिले होते. हे तुमच्या नावाचे नाही. पण अक्षर त्यांचे आहे.

तुमची,
साक्षी